मक्याचा पाला

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पृथ्वीची काळजी वाटू लागली. त्याआधीचं सगळं आयुष्य त्यांनी दुर्गदबैलाच्या बाजारातल्या आमच्या दुकानात बसून प्लास्टिकच्या पिशव्या विकण्यात घालवलं होतं. पातळ, जाड, काळ्या, पांढऱ्या, बंदाच्या, बिनबंदाच्या. हुबळीच्या गटारी तुंबवण्यात आमच्या घराण्याचा हातभार मोठा आहे. मग बंदी आली, पालिकेची माणसं दोनदा दुकानातला माल उचलून घेऊन गेली, आणि तिसऱ्या खेपेच्या आधी भाऊजींना साक्षात्कार झाला. मला हसू आलं होतं, पण त्याच पिशव्यांवर माझ्या दोन्ही मुली शिकल्या, त्यामुळे मी तोंड उघडलं नाही.

साक्षात्काराची जागा म्हणजे परगावचं एक प्रदर्शन. तिथे कुणीतरी त्यांच्या हातात एक पिशवी ठेवली आणि सांगितलं की ही उसाच्या चिपाडाची आहे, मातीत टाकली की खत होते. भाऊजी ती पिशवी घडी घालून शर्टाच्या खिशात घालून आले आणि रात्री जेवताना ताटाशेजारी ठेवून बसले. आपल्याकडे मका केवढा पिकतो, असं त्यांनी सुरू केलं. धारवाडपासून अळणावरपर्यंत गाडीतून बघत जा, कणसं मोडून झाली की धाटं शेतात तशीच उभी असतात, त्यांना कुणी विचारत नाही. फुकटचा कचरा. त्याच्या पिशव्या केल्या तर? जाऊबाई म्हणाल्या, आमटी गार होतेय. त्या दिवशी घरात शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य बोललं गेलं.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. धारवाडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं मुलांना ब्युरेट कशी धरायची ते शिकवलं. प्राध्यापक म्हणून नव्हे, प्रयोगशाळेतली बाई म्हणून. हा फरक मला तीस वर्षं टोचत होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. भाऊजींना ते ठाऊक होतं. दुकानदार माणसाला समोरच्याची गरज चेहऱ्यावरून वाचता येते. ते म्हणाले की वहिनी, तुम्ही आमच्या टेक्निकल हेड, दारावर तुमच्या हुद्द्याची पाटी लावू. मी त्या पाटीला भुलले. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, जा, तेवढंच हिंडणं होईल.

धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एक बंद पडलेली शेड भाड्याने मिळाली. काम सांगायला सोपं होतं. मक्याची धाटं बारीक कापायची, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवायची, धुवून धुवून त्यांचा लगदा करायचा, त्यात मक्याचं स्टार्च आणि ग्लिसरीन घालून पातळ ताव काढायचा, ताव वाळला की कापून पिशवी चिकटवायची. जे सांगायला सोपं ते करायलाही सोपं, अशी भाऊजींची ठाम समजूत आहे. पहिले चार महिने आम्ही जे काही काढलं त्याला पापड म्हटलं असतं तर पापडाचा अपमान झाला असता. हात लावला की मोडायचं. ग्लिसरीन वाढवलं तर हाताला चिकटायचं. स्टार्च कमी केलं तर सगळा ताव गोळा होऊन कढईच्या बुडाशी बसायचा, आणि भाऊजी त्याच्याकडे असं बघायचे जसं काही तो मुद्दाम बसलाय.

शेवटी पिशवी झाली. रंग चहाच्या जुन्या गाळणीचा, वास उकडलेल्या कणसाचा. भाऊजींनी ती नाकाशी धरून डोळे मिटले. कोरड्या वस्तूला ती बरी होती, ओल्या वस्तूची मात्र तिला धास्ती वाटायची. दुर्गदबैलातल्या एका भाजीवालीने तिच्यात ओली मेथी भरून दिली, तर गिऱ्हाईक चौक ओलांडायच्या आत मेथी रस्त्यावर आणि पिशवीचा बंद तेवढा बोटात. तिने उरलेला गठ्ठा दुकानात आणून भाऊजींच्या पुढ्यात ठेवला आणि कन्नडमध्ये सांगितलं की अण्णा, तुमच्या पिशवीला पाणी सोसत नाही, तिला दुपट्यात गुंडाळून घरीच ठेवा. भाऊजी घरी येऊन म्हणाले, लोकांना अजून सवय नाही. आमच्या दुकानात चूक नेहमी गिऱ्हाइकाचीच असते, फक्त त्याच्या तोंडावर तसं म्हणायचं नसतं.

धाटं सोलायला बायका लागायच्या. धाटाला चिकटलेला पाला, कणसाची सालं, बुडख्याची माती हे सगळं काढल्याशिवाय लगदा स्वच्छ येत नाही. सालं आणि पाला तर मुळीच चालत नाहीत. ते नीट शिजत नाहीत, तावावर त्यांचे काळे ठिपके उठतात आणि जिथे ठिपका तिथे ताव फाटतो. हे मी स्वतः चार वेळा करून पाहिलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं, खाली रेघ ओढली होती. पाल्याचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. ही गोष्ट वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी, कारण पुढे मी ती सोयीस्करपणे विसरले.

बायका अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातून टमटममध्ये दाटीवाटीने यायच्या, दहाबारा जणी. त्यांच्या म्होरक्या बाईला सगळ्या अक्का म्हणायच्या, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक, हातात नेहमी खुरपं. एका ओढीत ती धाट बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सोलून टाकायची आणि पुढचं धाट घेताना मागच्याकडे बघायचीही नाही. मी तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या हातांकडे बघत आले, इतका नेमका हात मी त्यांच्यात कधी पाहिला नाही. बोलायची मराठी, पण कुणावर रागावली की कन्नडमध्ये शिरायची. जमीन तिला नव्हती. एक म्हैस होती.

म्हशीविषयी ती पहिल्याच आठवड्यात बोलली, दुपारी भाकरीचं फडकं सोडून बसलेली असताना. नवरा गेल्यावर घर मुलाचं झालं, चूल सुनेची झाली, आणि हिच्या वाट्याला म्हैस राहिली. धार ती स्वतः काढायची, दूध स्वतः डेअरीवर घालायची, आणि घरात कुणाच्या वाट्याला किती दूध हेही तीच ठरवायची. "दुधाचं भांडं माज्या हातात हाय, तवर घरात मला इचारत्यात," असं ती म्हणाली. त्यात रडगाणं नव्हतं. आपली गादी कशावर टिकली आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचा तो आवाज होता. मला तो आवडला, आणि जरा हेवाही वाटला. माझ्या घरात मला कशावरून विचारतात, हे मला अजून सापडलेलं नाही.

ही म्हैस ती पाळायची दुसऱ्यांच्या शेतावर. कणसं मोडल्यावर धाटं उभी राहतात ती त्यांना कुणी विचारत नाही म्हणून नव्हे, हे मला अक्काकडून कळलं. ती तशी ठेवायची रीत आहे. सुगी संपून शेत मोकळं झालं की ज्याला जमीन नाही त्याची गुरं त्यात शिरतात, धनगर येऊन मेंढरं बसवतात. पाला जनावरांच्या पोटात जातो, शेण आणि लेंड्या शेताला मिळतात. कुणी मालकाला विचारायला जात नाही आणि कुठला मालक नाही म्हणत नाही. भाऊजींनी गाडीच्या काचेतून बघून ज्याला फुकटचा कचरा म्हटलं होतं ते हे. गाडी पाच मिनिटं थांबवून खाली उतरले असते तर कुणीही सांगितलं असतं. पण खाली उतरून विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं, आणि ते आमच्या घरात कुणाच्या रक्तात नाही. माझ्याही नाही. मी तर रसायनशास्त्रवाली.

आम्ही धाटं विकत घ्यायला लागलो तशी खेड्यापाड्यांतून बातमी पसरली की धाटाला गिऱ्हाईक आहे. लोक कणसं मोडल्या दिवशीच धाटं कापून बांधावर रचून ठेवू लागले, राखण बसवू लागले. अक्काची म्हैस ज्या शेतांत चरायची ती बोडकी झाली. बांधावरच्या गवतावर म्हैस किती दिवस काढणार? म्हणून अक्का बेलूरला कामाला आली होती. मजुरी तर हवीच होती, पण पाला जिकडे गेला तिकडे ती त्याच्या मागे आली होती, हे खरं कारण.

संध्याकाळी टमटम निघायची तेव्हा प्रत्येक बाईजवळ पाल्याचा एक भारा असायचा. ड्रायव्हर कुरकुरायचा, भारे टपावर बांधायचा. आम्हाला नको असलेली वस्तू उचलली जात होती आणि अंगण झाडल्यासारखं स्वच्छ मिळत होतं. आठेक महिने असं चाललं. एकदा मी मोठेपणाने अक्काला म्हटलं की हा पाला म्हणजे तुमच्या मजुरीवरचा बोनस समजा. तिने भाऱ्याची गाठ आवळली आणि आधी तो असाच मिळायचा, एवढंच म्हणाली. टोमणा होता की नुसती माहिती, मला त्या वेळी समजलं नाही.

मग तो अर्ज आला. निसर्गाला न दुखवता माल काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान आणि वर गौरव अशी काहीतरी योजना होती. भाऊजींना अनुदानापेक्षा गौरव हवा होता. व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्यांना आयुष्यभर पिशवीवाला म्हणून मागच्या खुर्चीवर बसवलं गेलं, ते मला कळत होतं. अर्ज भरायचं काम टेक्निकल हेडकडे आलं. त्यात एक रकाना होता, माल काढून झाल्यावर उरलेल्या भागाचं काय करता? खरं उत्तर एका ओळीचं होतं, की पाला कामगार बायका गुरांना नेतात. ते किती चांगलं उत्तर होतं हे मला आज समजतं. त्या दिवशी ते मला गावंढळ वाटलं. इतक्या वर्षांनी हातात पेन आलं आणि त्यातून काय उतरणार, तर म्हैस?

मी लिहिलं की आमच्या प्रक्रियेत कोणताही भाग उरत नाही, पाल्यासह संपूर्ण झाडाचा वापर केला जातो. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, 'शून्य कचरा'. ते दोन शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं आणि स्वतःसाठी चहा मागवला. नोकरीत असताना मुलांच्या जर्नलवर सही करण्यापलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. खोटं आहे हे ठाऊक असूनही आवडलं होतं, किंबहुना खोटं असल्यामुळेच ते इतकं घोटीव झालं होतं.

भाऊजींना ते माझ्याहून जास्त आवडलं. आठवड्याच्या आत गेटवर हिरव्या रंगात कन्नड आणि इंग्रजीतून ते दोन शब्द रंगवले गेले. लग्नात, मुंजीत, दवाखान्यात रांगेत बसलेले असताना भाऊजी शेजारच्याला ते ऐकवू लागले. जाऊबाईंना कोथिंबिरीच्या काड्या टाकताना पाहिलं तरी म्हणायचे, आमच्या फॅक्टरीत हे चालत नाही. जाऊबाई काड्या टाकत राहायच्या.

पुढे कळवलं गेलं की पाहणीला माणसं येणार आहेत. तेव्हा भाऊजींच्या डोक्यात उजेड पडला. सबंध झाड जर आत वापरलं जातं, तर रोज संध्याकाळी टमटमच्या टपावरून भारे कसले जातात? त्यांनी त्याच दिवशी हुकूम काढला की पाला गेटबाहेर जाता कामा नये, मागच्या अंगणात रचून ठेवायचा, पुढच्या लॉटसाठी. मी त्यांना सांगितलं की पाला चालत नाही, ठिपके पडतात, ताव फाटतो. ते मोबाइलवर नंबर शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, तुम्हीच लिहिलंय की."

त्यावर मला बोलता आलं असतं. एक ओळ खोडून दुसरी लिहायची होती, आणि पाहणीला येणाऱ्यांना सांगायचं होतं की उरलेला पाला गुरांच्या पोटात जातो. कुठला शहाणा माणूस त्याला नाव ठेवणार होता? पण ओळ खोडली तर गेट पुन्हा रंगवायला हवं होतं, भाऊजींनी गावभर सांगितलेलं परत गिळायला हवं होतं, आणि मुख्य म्हणजे टेक्निकल हेडने अर्जात थाप मारली हे मान्य करायला हवं होतं. मी पुन्हा एकदा विषय काढला तेव्हा भाऊजी कन्नडमध्ये म्हणाले, साकु. पुरे. मला त्या एका शब्दाने सुटल्यासारखं वाटलं, ही लाजेची गोष्ट आहे.

आमच्याकडे वाईट बातमी सांगायचं काम वॉचमनचं असतं. त्याने सांगितलं, आजपासून भारा नाही. बायका कुरकुरल्या, दोघीतिघी भांडल्या, एक कामच सोडून गेली. अक्काने खुरपं उचललं आणि ती सोलायला बसली. दुसऱ्या दिवशी ती दुपारी जेवली नाही, भाकरी तशीच बांधून परत नेली. एका बाईकडून मला कळलं की ती भाकरी म्हशीला घालते. मी ते ऐकलं आणि लगद्याच्या टाकीचं तापमान बघायला गेले. तापमान बघायची तेव्हा काहीही गरज नव्हती.

पाहणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वॉचमन मला बोलवायला आला. भाऊजी हुबळीला दुकानात होते. गेटपाशी टमटम उभी होती, बायका उतरून उभ्या होत्या आणि मध्ये अक्का. वॉचमनला तिच्या ओच्याचा फुगवटा दिसला होता. त्याने तिला तो सोडायला लावला होता. लुगड्याच्या घडीतून निघालेला पाला सिमेंटवर पडला होता. एवढासा ढीग होता, शेळीचं पोट भरलं नसतं. वॉचमन मला सारखं सांगत होता की मॅडम, मला बोल लागतो, मी काय करू, साहेबांनी सांगितलंय चोरी धरायची. चोरी हा शब्द त्याने उच्चारला तेव्हा बायकांपैकी एकीने तोंडाला पदर लावला.

अक्काचं तोंड रडवेलं नव्हतं. तिने वॉचमनकडे बघितलंही नाही. तिने मला विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. ह्यो पाला कचरा हाय का माल हाय?"

याचं उत्तर रसायनशास्त्रात होतं. माझ्याच वहीत होतं, माझ्या अक्षरात, खाली रेघ ओढलेलं. कचरा म्हटलं असतं तर तिने तो उचलला असता आणि घरी नेला असता, उद्या सगळ्या बायकांनी नेला असता, आणि म्हशीने दूध दिलं असतं. माल म्हटलं की अक्का चोर. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मागे गेटवर ते दोन हिरवे शब्द होते.

मी म्हटलं, "माल."

तिने मान हलवली, कुणी वेळ सांगितल्यावर हलवावी तशी. मग खाली बसून तिने तो पाला गोळा केला, तुकडा न् तुकडा, सिमेंटवरचा भुगासुद्धा तळहाताने ओढून घेतला. उठून मागच्या अंगणात गेली, ढिगावर ठेवून आली आणि दोन्ही हात उलटसुलट करून वॉचमनला दाखवले. टमटम निघून गेली. मी ऑफिसात जाऊन बसले आणि उद्याच्या पाहणीसाठी बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्या वाकड्या लागत होत्या, त्याचाच मला राग येत होता.

दुसऱ्या दिवशी ती कामाला आली. पाहणीची माणसंही आली, तिघं आणि एक फोटोवाला. त्यांनी पिशवी ताणून पाहिली, वास घेतला, वा वा केलं. ओली मेथी कुणी आणली नव्हती. त्यांतल्या एकाने विचारलं की पाल्याचं काय करता, तर भाऊजींनी मागच्या ढिगाकडे हात करून सांगितलं की तो पुढच्या लॉटला जातो, आमच्या मॅडमनी खास पद्धत बसवली आहे. तिघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला प्राध्यापक समजत होतं. अक्का दोन हातांच्या अंतरावर बसून धाटं सोलत होती. फोटोवाल्याने तिला मान वर करायला सांगितली आणि फोटो काढला. तो फोटो अजून आमच्या ऑफिसात लावलेला आहे, खाली ग्रामीण महिलांना रोजगार असं लिहून.

गौरव मिळाला. भाऊजींना शाल मिळाली, पुढची खुर्ची मिळाली. मक्याच्या पिशव्या अजूनही फारशा खपत नाहीत, पण आता त्याची कुणाला फिकीर नाही. अक्का पाहणीनंतर आठवडाभर आली आणि मग यायची थांबली.

पाल्याचा ढीग वाढत गेला. त्याने ऊब धरली, बुरशी आली, उंदीर झाले, वास सुटला. शेजारच्या शेडवाल्याने तक्रार केली. तेव्हा भाऊजींनी एका रविवारी सकाळी सगळा पाला कुंपणाच्या कोपऱ्यात ओढून पेटवून दिला. दोन दिवस धूर निघत होता. मंगळवारी कामावर गेले तर कोपऱ्यात राख होती, आणि वॉचमन तीसुद्धा झाडून काढत होता. आमचा शून्य कचरा असा झाला.

चारेक महिन्यांनी मी अक्काच्या गावाला गेले. माफी मागायला गेले होते असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे भाऊजींनी पाठवलं होतं. नव्या बायकांचा हात जड होता, धाटाला पाला राहत होता, तावावर ठिपके येत होते. त्या म्हातारीला परत आणा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांना तिचं नाव कधीच माहीत नव्हतं.

घर गावाच्या टोकाला होतं. पडवीच्या कडेला म्हशीची जागा होती. गव्हाणीत जळण रचलेलं होतं, खुंटा मात्र अजून तसाच होता. अक्काने मला पाहून हात पुसले, घोंगडं टाकलं, बसा म्हणाली. हळियाळकडच्या माणसाला विकली, असं तिने मी न विचारताच सांगितलं. चारा विकत घेऊन म्हैस पोसणं आपल्या ऐपतीतलं नाही, आणि उपाशी जनावर डोळ्यांसमोर बघवत नाही. कुणावर बोल नाही, आवाज चढला नाही, एकही कन्नड शब्द नाही. मी तिला सांगितलं की तुम्ही परत या, मी भाऊजींशी बोलते, पाला तुम्हाला न्यायला मिळेल, माझी जबाबदारी. इतक्या दिवसांनी ते वाक्य किती सहज तोंडातून बाहेर पडलं.

"आता कशाला पाला," अक्का म्हणाली.

मग तिने आत वळून विचारलं की चहा होईल का. हुकूम नव्हता तो, अगदी हळू विचारलं होतं. थोड्या वेळाने सून बाहेर आली, पायात चपला सरकवल्या आणि दुकानातून दुधाचं पाकीट घेऊन परत आत गेली. रिकामं पाकीट दारातून अंगणात येऊन पडलं. अक्का उठली. तिने ते उचललं, आत पाणी घालून खळबळून धुतलं, उलटं करून पुन्हा धुतलं आणि पडवीतल्या दोरीला अडकवलं. दोरीवर आधीची पाचसहा पाकिटं वाळत होती.

"लई टिकतीया ही पिशवी," ती मला म्हणाली, एखाद्या जाणकाराला सांगावं तसं. "बी-बियाणं ठिवलं तर वरीसभर काय व्हत न्हाई."

मी मान हलवली. मला स्वतःची शिसारी आली होती आणि उठून जावंसं वाटत होतं, पण चहा यायचा होता. सून दोन कप घेऊन आली. माझा काठोकाठ भरलेला होता, अक्काचा अर्धा होता. अक्काने कपात पाहिलं आणि तो उचलला. मीही माझा भरलेला कप उचलला.